मागची बाजू

"डोळे मिटलेलेच ठेव. अजून दोन पावलं."

"पडले तर या वयात हाड जुळायचं नाही, सांगून ठेवते," ती म्हणाली. पण डोळे अगदी इमानदारीनं मिटले होते तिनं.

खिळेमामांनी बायकोला खांद्यांना धरून मागच्या खोलीच्या दारात मधोमध उभं केलं. किंचित डावीकडे सरकवलं. मग स्वतः दोन पावलं मागं जाऊन एकदा नजर लावून पाहिली आणि म्हणाले, "हं. उघड."

चाळीस वर्षं त्यांनी नाटक कंपनीचे सेट उभारले. तोंडात कायम चार खिळे धरलेले, म्हणून सगळ्या कंपनीचे ते खिळेमामा. राजवाडा म्हणा, दवाखाना म्हणा, दोन दिवसांत उभा करून द्यायचे. पडदा वर गेल्यावर नटांच्या आधी सेटला टाळी पडली की विंगेत उभे राहून उगाचच कान खाजवायचे. आज प्रेक्षक एकच होता, आणि टाळी पडली नाही तर तो महिनाअखेर उठून जाणार होता.

झालं होतं असं, की जुनी इमारत पाडायची ठरली तशी दोघं मुलाकडे राहायला आली. अकराव्या मजल्यावर. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली. पण घर असं, की नळ पिळायची सोय नाही, हात पुढं केला की तो आपण होऊन पाणी सोडणार. माणूस दिसला की दिवा लागणार. "रात्री नुसती कूस बदलली तरी उजेड पडतो, चोर सापडल्यासारखा," ती म्हणायची. तीन महिने तिनं स्वतःची बॅग उघडली नाही. पलंगाच्या कडेला बसून राहायची, आता गाडी यायचीच आहे अशी. आणि मागच्या महिन्यात जाहीर करून टाकलं, "मी माझ्या ताईकडे जाऊन राहते. कायमची."

"आणि मी?"

"तुम्हाला काय, कुठल्याही गावच्या लॉजवर झोप लागते."

हे मात्र खिळेमामांना लागलं. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी काढली, मुलाकडून अडगळीची खोली मागून घेतली आणि अठरा दिवस तिला तिकडे फिरकू दिलं नाही. जुनी खोली त्यांनी जशीच्या तशी उभी केली. तिथं मध्ये लाकडी पार्टिशन होतं. पुढं बसायउठायचं, मागं स्वयंपाक आणि खिडकीशी तिचं शिलाई मशीन. ते पार्टिशन लग्नाच्या वर्षी त्यांनी स्वतःच केलेलं. वाळवीनं पोखरलं म्हणून टाकून द्यावं लागलं. आता तसंच नवं केलं. तसेच तीन कप्पे, निळ्या बरण्या, रेडिओ, गोल घड्याळ, लग्नाचा फोटो. पिवळा दिवा, आणि त्याला खटका. खटकन वाजणारा खटका मिळवायला सहा दुकानं पालथी घातली होती.

तिनं डोळे उघडले.

"अगंबाई!"

खिळेमामांचा हात कानाकडे गेला.

"घड्याळसुद्धा?"

"पाच मिनिटं पुढं. होतं तसंच."

ती हसली. पुढं होऊन तिनं खटका खाली केला, वर केला, परत खाली केला. बरण्यांवरून हात फिरवला. "फोटोत मात्र तुम्ही अजून तसेच घाबरलेले," म्हणाली, आणि पार्टिशनला वळसा घालून मागं गेली. खिळेमामा दारातच उभे राहिले, तोंडभर हसत.

मागून तिची हाक आली.

"अहो, इथं काहीच नाही."

"मशीन आहे की. खिडकीशी."

"मशीन आहे हो. पण इथं, पार्टिशनला. नुसता कोरा प्लाय. दोन टेकू आणि तुमचे पेन्सिलीचे आकडे."

"मागं कोण बघतं?" खिळेमामा सवयीनं बोलून गेले. जन्मभराचा हिशोबच तो. जे प्रेक्षकाला दिसत नाही, त्यावर रंग घालवायचा नाही.

"मी बघायचे," ती म्हणाली. "एकतीस वर्षं. रोजची शंभर काजं खिडकीकडे पाठ आणि या फळीकडे तोंड करून केलीत मी. घड्याळ तुमच्या बाजूला, फोटो तुमच्या बाजूला. किती वाजले बघायचं तर मला उठून पुढं यावं लागायचं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"कुणाला? तुम्ही यायचात, दारात उभे राहायचात, म्हणायचात, काय दिसतंय घर! मी म्हणायचे, छान. तेवढ्यात दौऱ्याची गाडी खाली हॉर्न वाजवायची."

आवाजात राग नव्हता. दुपारचे चार वाजले होते, आणि या वेळेला आपल्या जुन्या घरात उजेड कुठून यायचा, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. त्यांना माहीतच नव्हतं.

पेटीतून हातोडी काढून ते मागं आले आणि फरशीवर बसले. "सांग."

"काय?"

"इथं काय काय होतं ते."

तिनं हातोडीकडे पाहिलं. मग स्टूल ओढून मशीनशी बसली. "आधी ते दोन टेकू काढा. गुडघ्याला लागतात."

टेकू निघाले.

"डावीकडे कात्रीचा खिळा."

"इथं?"

"खाली. माझा हात तुमच्याएवढा लांब आहे का?"

खिळा बसला तशी ती उठून बाहेर गेली, आपल्या बॅगेतली कात्री घेऊन आली आणि टांगली. खिळेमामांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"मध्ये पोराचं शाळेचं वेळापत्रक. गुरुवारी पहिला तास गणिताचा."

"तो नोकरीला लागला तरी?"

"काढवलं नाही. त्याच्याखाली शेजारणीनं मागून नेलेल्या वस्तूंची यादी. परत आलेल्या वस्तूंची वेगळी करणार होते, पण तशी वेळच आणली नाही तिनं. आणि इथं, बरोबर डोळ्यांसमोर, तुमच्या प्रयोगांच्या तारखा."

खिळेमामांनी तोंडातला आणखी एक खिळा काढला. ते ठोकत राहिले.

"झालं?"

तिनं बसल्या बसल्या डोक्याच्या उंचीला प्लायवर तळवा ठेवला. "इथं डाग होता. तेलाचा."

"कसला?"

"मान अवघडली की डोकं टेकायचे. तुमची वाट बघताना पण."

खिळेमामांचा चेहरा उजळला. डाग म्हणजे त्यांच्या हातचा मळ. चहाचं पाणी आणि जराशी काजळी मिळाली की कालची भिंत साठ वर्षांची करून दाखवायचे. "आत्ता करून देतो. हुबेहूब."

"नको."

"अगं, ओळखू यायचा नाही."

"तो करायचा नसतो हो. पडतो."

खिळेमामांनी हातोडी खाली ठेवली. मग विचारलं, "ताईला काय कळवू मग?"

"कळवा, की डाग पडायला बरीच वर्षं लागतील," ती म्हणाली, आणि नव्या कोऱ्या प्लायला डोकं टेकून तिनं डोळे मिटले.

टेकू काढल्यामुळे पार्टिशन तेवढ्यानंही दाराच्या बाजूला झुकलं. वरून पट्टी मारावी लागणार होती, पण ठोकाठोक केली असती तर तिची डुलकी मोडली असती. खिळेमामा गुडघ्यावर हात देत उठले, वळसा घालून पुढं आले आणि खालच्या कप्प्याच्या फळीला पाठ लावून फरशीवर बसले. पलीकडून हलकासा भार आला. त्यांनी पाय घट्ट रोवले, आणि ती उठेपर्यंत हलले नाहीत.