आग्नेय कोपऱ्यातली डबी

ही २०२३ सालची गोष्ट. कलकत्त्याच्या बेहाल्यात दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू रोवायला सुरुवात झाली होती, आणि आमच्या घराचा आग्नेय कोपरा खचायला लागला होता.

आधी नुसती केसासारखी चीर होती, ह्यांच्या पलंगाच्या डोक्याशी. मग तिच्यात नख जायला लागलं, मग बोट. फरशीवर टिचकी मारली की खालून पोकळ आवाज यायचा. शेजारचे तपनबाबू एका गवंड्याला घेऊन आले. तो बराच वेळ कोपऱ्यात उकिडवा बसला आणि म्हणाला, आत काय आहे ते दिसल्याशिवाय मी इथे पहार लावणार नाही, लावली तर भिंत माझ्याच अंगावर येईल. तपनबाबूंनी मला दाराबाहेर नेऊन हळूच सांगितलं, "बौदी, दादांना इथून हलवा. अजून एक मोठा पाऊस झाला तर काही खरं नाही."

दादांना हलवणं हीच तर अडचण होती. दादा म्हणजे माझे यजमान, श्रीधर; आणि बौदी, म्हणजे वहिनी, ती मी. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेली होती, पण डोकं आणि जीभ शाबूत होती. माझे सासरे श्यामराव नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिले. स्वतःचं घर बांधलं ते ह्यांनी, १९८४ साली. तेव्हा मागे पुकुर, म्हणजे तळं, होता, त्यात बदकं असायची. पुढे तो बुजवला आणि त्यावर इमारत झाली. पाणी मात्र आपली जुनी वाट विसरलं नसावं.

वास्तुशांतीचा दिवस मला अजून लख्ख आठवतो. मराठी गुरुजी मिळाले याचंच अप्रूप. ह्यांनी आग्नेय कोपऱ्यात खड्डा घेतला, आणि तांब्याच्या डबीत वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी निजवून ती स्वतःच्या हाताने आत ठेवली. मी दहीभात केला होता. आमचा मुलगा पराग तान्हा होता आणि होमाच्या धुराने सारखा रडत होता.

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. वाईट बोलायचं नाही, कारण वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. दूध संपलं तरी "दूध वाढलं" म्हणायचं. त्यामुळे भिंतीला चीर पडली तेव्हा घर पडेल असं आमच्यापैकी कोणी उच्चारलंसुद्धा नाही. परागला फोन करायचा तर मी गल्लीच्या तोंडाशी, पानवाल्याच्या टपरीपाशी जायची आणि तिथे उभी राहून सांगायची, "अरे, घर पडतंय. काहीतरी कर."

परागने केलंही. दोन माणसं आणून त्याने बाबांना उचलायचा प्रयत्न केला. ह्यांनी उजव्या हाताने खिडकीचा गज असा धरला की बोटं सोडवताना कातडी सोलवटली. डोळे पांढरे झाले, श्वास लागला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं करू नका, हे दगावतील. म्हणजे ठेवलं तर भिंत आणि हलवलं तर हे. मी रोज त्यांना भरवायची आणि एक डोळा त्या चिरेवर ठेवायची. पावसाचा थेंब पत्र्यावर वाजला की मी उठून चिरेत बोट घालून बघायची.

"वास्तुपुरुष जागेवर आहे तोवर घराला काही होत नाही," हे म्हणायचे. "आणि त्याला टाकून मी न्यू टाउनला परागकडे जाऊन राहू?"

त्या रविवारी जेवणाआधी पराग एक नवंच यंत्र घेऊन आला. लांब लवचीक तार, टोकाला पेन्सिलीएवढा कॅमेरा, त्याभोवती बारीक दिवे. चित्र मोबाईलवर दिसायचं. त्याच्या जुन्या गाडीच्या एसीतून घाण वास यायचा म्हणून त्याने ते घेतलं होतं, आणि डॅशबोर्डच्या मागे उंदराचं घरटं सापडलं. मग सूनबाईच्या बेसिनच्या पाइपात घातलं, तर चमचा निघाला.

"बाबा, खोदत नाही," तो म्हणाला. "फरशीला फक्त एक भोक पाडतो. तुमचा वास्तुपुरुष बघू या."

"दर्शन घेऊ या म्हण. आणि तो काय उंदीर आहे?"

"उंदराला नमस्कार नाही केला मी. त्यांना करतो."

हे हसले. कित्येक दिवसांनी हसले. म्हणाले, "पाड भोक. तोच सांगेल तुम्हाला."

ड्रिल चाललं तेव्हा मी भिंतीला हात लावून उभी होते, जणू माझ्या हाताने ती थांबणार होती. मग तार आत गेली. परागने मोबाईल ह्यांच्या छातीवर टेकवून धरला. आधी माती दिसली, मग विटांची कड. मग मातीच दिसेना, नुसता काळोख. परागने तार फिरवली आणि डबी दिसली.

घराच्या पायाच्या भिंतीतून पुढे आलेल्या एका विटेवर ती बसली होती. हिरवी पडलेली, पण सरळ. आजूबाजूला, खाली काहीच नव्हतं.

"बघा," हे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "जागेवर आहे."

माझा धीर सुटला. मी मनोमन मागत होते की डबी दिसू नये. आता हे कधीच उठणार नव्हते. पराग तार खाली नेऊन पोकळी दाखवत होता आणि हे बघत नव्हते. दिव्यांचा उजेड खाली पोचतच नव्हता.

तेव्हा मी म्हटलं, "अहो, तो तिथे एका विटेवर बसलाय. तोही आता म्हातारा झाला. त्याला तरी असं एकट्याला किती दिवस बसवायचं? त्याला वर घेऊ. बरोबर नेऊ."

ह्यांनी उजव्या हाताने मोबाईल जवळ ओढला. मग म्हणाले, "तो आला तर मी येतो."

परागने हलक्या हाताने भोक डबी निघेल एवढं मोठं केलं आणि तारेला आधी लोहचुंबक लावलं. ते डबीवरून नुसतं घसरलं.

"अरे शहाण्या, तांबं आहे ते. इंजिनिअर ना तू?"

"कॉम्प्युटरचा आहे, बाबा."

मग त्याने बेसिनमधला चमचा ज्याने काढला होता तो आकडा लावला. डबीच्या झाकणाला एक कडी होती, तिच्यात तो अडकवायचा. आकडा कडीजवळ जायचा आणि हुकायचा. परागच्या कपाळावरून घाम मोबाईलवर पडत होता, तो मी पदराने पुसत होते. दूर कुठे ढग वाजला. एकदा आकडा कडीत गेला. डबी हलली, थोडी उचलली गेली. ह्यांचा उजवा हात आपोआप वर आला.

विटेचा तुकडा निसटला. आकड्याला कडी तेवढी राहिली, आणि डबी गेली.

आम्ही तिघं त्या भोकाकडे कान लावून राहिलो. मग खालून आवाज आला, पाण्यात पडल्याचा.

मी खाली बसले. वाटलं, झालं, आता हे माणूस इथेच राहणार आणि मीही. पराग म्हणाला, "बाबा, तार परत टाकतो. पाण्यातून काढतो मी, काढतोच."

"थांब," हे म्हणाले. "आवाज ऐकलास?"

"हो."

"केव्हा आला?"

परागला कळलं नाही. हे माझ्याकडे वळले. "मी खड्डा घेतला होता हातभर. हातभर पडायला इतका वेळ लागत नाही, मंदा." मग त्यांनी डोळे मिटले. "पराग, चाकांची खुर्ची आण. भिंतीकडून नको, इकडून ये."

तपनबाबू धावत आले. गल्लीत मांडवाचे बांबू पसरले होते, गाडी लांब उभी होती. खुर्ची उचलून उचलून न्यावी लागली. हे एकदाही मागे वळले नाहीत. गाडीत बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "आता बोलायला हरकत नाही. घर पडणार आहे." आणि लहान मुलासारखे रडले.

महालयाच्या, म्हणजे सर्वपित्रीच्या, आधीच्या पावसात ती खोली पडली. पलंगासकट.

हे न्यू टाउनला अकराव्या मजल्यावर राहिले. "इथे आग्नेय आहे, पण जमीन कुठे आहे?" असं येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे. माघात, झोपेत गेले. परागने जुनी गाडी विकली. ते यंत्र त्याच्या खणात आहे, कोणी मागितलं तर देतो, स्वतः हात लावत नाही. तपनबाबू मुलीकडे बराकपूरला गेले, विजयादशमीला फोन करतात. गवंड्याने आमची उरलेली भिंत उतरवली. जागा तशीच पडून आहे, तिथे कोपऱ्यात पाणी साचतं आणि पावसाळ्यात बगळे येतात म्हणे.

मी परागकडेच असते. दूध संपलं की सूनबाई सरळ "दूध संपलं" म्हणते. मी मात्र अजून वाढलंच म्हणते. ती कडी माझ्या देवघरात आहे.