अकरावा प्रश्न

प्रश्न आयांनीच काढले होते. सहाजणींनी, भिंतीला पाठ टेकून, आपापली लेकरं मांडीवर घेऊन. अपंग लेकराच्या आईचा दिवस कसा जातो, ते तसल्याच आईनं विचारायचं, असं ठरलं होतं. अकरावा प्रश्न काज-बटण करणारीनं सुचवला: "बाहेर जाताना लेकराला बांधून ठेवावं लागतं का?"

सुचवला तिनंच, आणि स्वतःचा कागद भरायची वेळ आली तेव्हा "माझं मागाहून घ्या गं" म्हणून उठलीही तीच.

बावन्न घरं झाली. घरोघर विचारलं, दारोदार ऐकलं, उत्तर एकच. "छे बाई! पोटच्या पोराला बांधतं का कुणी?" ती मान डोलवी, 'नाही' लिही. पण एखाद्या घरी पोराच्या घोट्यावरचा वळ तिला दिसे. तिच्या डोळ्यांना तो ओळखीचा होता.

आज ही पाहणी करवून घेणाऱ्या संस्थेतल्या ताईंनी कागद चाळले. "एकही 'हो' नाही. मग दिवसा मुलं सांभाळायला खोली मागायची कशाच्या जोरावर? मंगळवारी पालिकेकडे अर्ज जायचाय. हा प्रश्न गाळूया."

त्या खोलीवर सगळ्यांचाच जीव होता.

"माझा कागद राहिलाय," काजवाली म्हणाली.

"आता आठवलं होय, बाईसाहेब!" इस्त्रीवाल्या वहिनीनं पेन उघडलं. "रात्री सलग झोप किती?"

"सलग म्हणजे काय असतं गं?"

सगळ्या हसल्या. वहिनीनं हसतहसतच अकरावा वाचला.

"हो."

पेन थांबलं.

"माझी भिंगरी. नऊ वर्षांची. दार उघडं दिसलं की रस्त्यावर. गाडी कळत नाही, माणूस कळत नाही. माल पोचवायला तासभर जाते, तेव्हा खाटेच्या पायाला बांधते. जुन्या साडीनं. काठ आधी कापून टाकते, काठ रुततो. पूर्वी रडायची. आता मी साडी हातात घेतली की आपणहून येते. हात वर करून उभी राहते."

मग वहिनीनं गठ्ठ्यातून स्वतःचा कागद ओढला आणि अकराव्यापुढचं 'नाही' खोडलं. "ओढणीनं," ती पुटपुटली. "पायाला."

दुसऱ्या दिवशी काजवाली पुन्हा पहिल्या घरी गेली. भांडी घासणाऱ्या मावशी दारातच उखडल्या. "पुन्हा काय? सांगितलं ना एकदा!"

"विचारायला नाही आले, मावशी. माझं सांगायला आलेय."

उंबऱ्याबाहेर उभी राहूनच तिनं सांगितलं. साडी, काठ, वर केलेले हात. मावशी ओले हात पदराला पुसत ऐकत होत्या. हात कोरडे झाले तरी पुसतच होत्या.

मग त्या दारातून बाजूला सरकल्या.

"आत ये. सकाळपासून गाठ बसलीय. माझी बोटं चालेनात. तू सोडतेस का?"