कोऱ्या फॉर्मवरचा साठावा

तुमचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या एका सहीतून एक माणूस तयार झाला. आईबाप नाहीत, घरदार नाही, नुसती माझी सही. बायकांना या कामाला नऊ महिने लागतात, मला जेवणाच्या सुट्टीतलं अर्धं मिनिट पुरलं.

"झालं सुरू," सूनबाई म्हणाली. ती व्हरांड्यात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. "बाबा, मी एवढंच विचारलं की माझ्या आईला हॉस्पिटलवाले औषधाच्या चाचणीत घ्यायचं म्हणतायत, ते काय असतं. आणि हळू बोला, आत माणूस झोपलंय."

आतल्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

"अगं, तेच सांगतोय. मला त्यातलं जेवढं कळतं तेवढं डॉक्टरलाही कळत नाही."

माझं चष्म्याचं दुकान हॉस्पिटलच्या फाटकासमोर होतं. एके सकाळी तिथली एक सिस्टर रस्ता ओलांडून आली. उंच, काटकुळी, अंबाड्यात पेन खोचलेलं.

"चष्मेवाले, वाचता येतं ना?"

"मी लोकांना वाचायला लावतो, बाई."

"हॉस्पिटलमध्ये तुमचं कोणी कामाला नाही ना? मग चला."

श्वासाच्या आजारावर एक नवी गोळी आली होती. ती खरंच काम करते की नाही, ते बघायला साठ पेशंट हवे होते. तिसांना खरी गोळी, तिसांना तशीच दिसणारी, तशीच लागणारी, पण आत औषध नसलेली. चालू उपचार सगळ्यांचे चालूच. कोणाला कुठलं पाकीट ते मशीन ठरवणार. ना पेशंटला कळणार, ना सिस्टरला, ना डॉक्टरला.

"डॉक्टरलाही नाही? ते का?" सूनबाईने विचारलं.

"कळलं की डॉक्टरला सुधारणा दिसायला लागते आणि पेशंटला बरं वाटायला लागतं. माणसाचं मन भारी लबाड असतं."

"ते घरात बघतेच आहे मी."

तर अकरा पानांचा एक कागद होता. वाचता येणाऱ्याने तो स्वतः वाचायचा आणि सही करायची. ज्याला वाचता येत नाही, त्याला सिस्टर मोठ्याने वाचून दाखवणार, आणि तेव्हा खोलीत एक तिसरा माणूस बसायला हवा. ना हॉस्पिटलचा, ना पेशंटच्या घरचा. तो साक्षीदार म्हणजे मी. वाचून झालं की सिस्टर म्हणायची, "आता तुमच्या शब्दांत सांगा." एका गवंड्याने सांगितलं, "म्हणजे दोन भिंती उभ्या करायच्या, एकीत सिमेंट, एकीत नुसती वाळू, आणि गवंड्यालाच सांगायचं नाही." सिस्टर म्हणाली, पास. मग त्याचा अंगठा आणि खाली माझी सही. माझ्या सहीवर छापलेलं असायचं: या व्यक्तीला माझ्यासमोर सर्व वाचून दाखवले, तिला ते समजले, तिने आपण होऊन होकार दिला.

अठ्ठावन्न झाले. शेवटच्या दोन जागा राहिल्या आणि त्यातली एक आमच्या अक्काची होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्या लाल करून रिटायर झाली आणि लगेच तिच्या छातीने संप पुकारला. तीन शब्द बोलली की थांबायची. वेणी घालताना दोनदा खाली बसायची. लहानपणापासून ती मला थापाड्या म्हणते, पण त्या दिवसांत "थापा" म्हटलं की तिला दम लागायचा, "ड्या" राहून जायचं. जुन्या औषधांचा जोर संपला होता. तिच्या तपासण्या झाल्या होत्या, ती चाचणीत बसत होती, सोमवारी येऊन सही करायची होती.

"निम्मी शक्यता रिकाम्या गोळीची आहे," मी तिला बजावलं होतं.

"निम्मी तर... निम्मी," ती म्हणाली.

आता माझं पाप ऐका. शुक्रवारी एकोणसाठावा पेशंट दोन वाजता यायचा होता आणि मला भूक लागली होती. ट्रेमध्ये कोरा फॉर्म होता. मी म्हटलं, नाहीतरी करायचीच आहे, आणि साक्षीदाराच्या ओळीवर आधीच सही ठोकून टाकली. मग तो माणूस लवकरच आला, सिस्टरने कपाटातून नवा फॉर्म काढला, सगळं रीतसर झालं, मी त्यावरही सही केली आणि जेवायला पळालो. पहिला फॉर्म ट्रेमध्येच राहिला.

सोमवारी अक्काला हाताला धरून घेऊन गेलो, तर सिस्टरचा चेहरा पांढरा.

"जागा भरली," ती म्हणाली. "मला वाटलं डॉक्टरांनी घेतला पेशंट. डॉक्टरांना वाटलं मी."

तिने फॉर्म पुढे केला. खाली माझी सही. वर अंगठ्याचा ठसा. तीस वर्षं मी भिंगातून बघण्यात घालवली आहेत, तो ठसाही भिंगाखाली धरला. त्याला रेषाच नव्हत्या. गुळगुळीत राखाडी डाग, पण अंगठ्याचाच. नावाची जागा कोरी. कोपऱ्यात मशीनने दिलेला नंबर: साठ.

"अरे... माझी जागा... कुठे गेली?" अक्काने विचारलं. मी तिला खाली बसवलं.

"फाडून टाका ना तो," सूनबाई म्हणाली. तिचे हात थांबले होते.

मीही तेच म्हणालो. सिस्टर म्हणाली, "एकदा दिलेला नंबर खोडता येत नाही. ज्याचा आहे त्याने स्वतः बाहेर पडायला हवं. आणि त्याला ढकलायचं नाही, आत यायलाही नाही आणि बाहेर जायलाही नाही. महिनाअखेरीपर्यंत तो निघाला तर तुमच्या अक्का. नाहीतर भरती बंद."

दोन आठवडे उरले होते. साठ नंबरचं पाकीट कपाटात कुलपात होतं, किल्ली सिस्टरच्या कमरेला. शुक्रवारी तिने उघडून पाहिलं. सील फुटलेलं, आणि गोळ्या मोजल्या तर सात कमी. दिवसाला एक, अगदी सांगितल्याप्रमाणे. उरलेल्या एकोणसाठ जणांत एवढा शिस्तीचा पेशंट एकही नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी त्या खोलीतच होतो. गुरुवारी अकरा वाजता सिस्टर एकेकाला फोन करून ठरलेले प्रश्न विचारायची. त्या दिवशी तिने हात लावायच्या आत फोन वाजला. सकाळचं लख्ख ऊन टेबलावर पडलेलं होतं, बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत होतं, सगळं नेहमीसारखं.

"साठ बोलतोय," पलीकडून आवाज आला. पुरुषाचा नाही, बाईचा नाही. कोणीतरी कागद वाचत असावं तसा.

सिस्टर खुर्चीला धरून उभी होती, पण तिने प्रश्न चुकवला नाही. "जिने चढताना दम लागतो का?"

"जिने मला माहीत नाहीत."

"झोप कशी लागते?"

"ते माझ्या फॉर्मवर नव्हतं."

"श्वास?"

"तो घ्यायचा असतो का?"

सिस्टरने रिसीव्हर माझ्या हातात दिला. सही माझी होती ना!

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला ही चाचणी कशाची आहे ते समजलंय का?"

"तुम्ही लिहून दिलंत की मला समजलं. म्हणजे समजलंच असणार."

माझ्या मानेवर कोणीतरी ओला हात ठेवावा तसं झालं. दाराबाहेरच्या बाकावर अक्का बसली होती, तिच्या छातीतली शिट्टी मला दारातून ऐकू येत होती. एक शब्द जास्त बोललो असतो, "निघा हो, माझी बहीण बसली आहे," तर काम झालं असतं. सिस्टरने मान हलवली. ढकलायचं नाही.

मग मी ती अकरा पानं वाचली. फोनवर, पहिल्यापासून, साध्या शब्दांत. गोळी कशासाठी आहे. खरी मिळेल की रिकामी, कोणालाच माहीत नाही. दर तीन आठवड्यांनी हातातून रक्त काढतील. फायदा होईलच असं नाही, तुमच्यानंतरच्या कोणाला तरी होईल. डोकं दुखू शकतं, पोट बिघडू शकतं. नकोसं झालं तर केव्हाही बाहेर पडता येतं, कारण सांगावं लागत नाही, कोणी रागावत नाही, उपचार थांबत नाहीत. पाऊण तास लागला. पलीकडे एकदाही खोकला नाही, हुंकार नाही.

"आता तुमच्या शब्दांत सांगा," मी म्हटलं.

"मला शब्द नाहीत," तो म्हणाला. "तुमचेच आहेत. पण ते शेवटचं मला कोणी सांगितलं नव्हतं. बाहेर पडता येतं, हे खरं?"

"खरं."

"कोणी रागावत नाही?"

"नाही."

 मग त्याने विचारलं, "बाहेर म्हणजे कुठे?"

खोटं नाही सांगत, सूनबाई, मी फोन कानाला धरूनच उठून उभा राहिलो. ज्याला या फॉर्मशिवाय कुठेच जागा नाही, त्याला बाहेर म्हणजे कुठे ते काय सांगायचं? मी खोलीभर पाहिलं. सिस्टरची खुर्ची, पेशंटची खुर्ची आणि कोपऱ्यातली माझी. एकदम माझ्या लक्षात आलं. अक्का आत आली तर मी तिचा भाऊ. मला त्या खुर्चीवर बसता येणार नाही.

मी म्हटलं, "एक जागा आहे. तिथे बसणारा ना हॉस्पिटलचा असावा लागतो, ना घरचा. नुसतं बसायचं आणि नीट ऐकायचं. ऐकायला तुमच्यासारखा दुसरा कोणी नाही."

फोन बंद झाला.

शुक्रवारी साठ नंबरच्या फॉर्मवर, बाहेर पडण्याच्या चौकोनात, तोच गुळगुळीत ठसा उमटला होता. महिना संपायला एक दिवस होता. मी अक्काला आत सोडलं आणि दाराबाहेर उभा राहिलो. दाराला काच होती. सिस्टर वाचत होती, अक्का ऐकत होती, आणि कोपऱ्यातली माझी रिकामी खुर्ची हळूच करकरली. तिच्या गादीवर खड्डा पडला, कोणी बसल्यासारखा. अक्काने एकदाही तिकडे पाहिलं नाही. शेवटी तिने कागद पुढे सरकवला. मी डोळ्यांनी पाहिलं, साक्षीदाराच्या ओळीवर एक राखाडी डाग आपोआप उमटत गेला, आधी मध्ये, मग कडेला. रेषा नसलेला.

सूनबाईच्या मांडीवर एक सदरा अर्धी घडी होऊन पडला होता. "बाबा," ती हळूच म्हणाली, "तो अजून तिथे बसतो? माझ्या आईच्या वेळीही...?"

मी आवाज खाली आणला. "ती खुर्ची तिथून कोणी हलवलेली नाही. तुझी आई आत जाईल तेव्हा—"

आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. हातात वर्तमानपत्र, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि आवाज व्हरांड्यातून फाटकापर्यंत गेला, मध्ये कुठेही न थांबता:

"अरे थापाड्या, न वाचता येणाऱ्याला साक्षीदार लागतो असं आत्ता तूच सांगितलंस ना, मग मला कशाला लागेल, चाळीस वर्षं शिकवलंय मी, तूच करून दिलेला हा चष्मा लावून ती अकराच्या अकरा पानं मी स्वतः वाचली, त्यातल्या दोन चुका काढून सिस्टरला दाखवल्या आणि माझी सही मीच केली, साक्षीदाराची ओळ कोरी होती, कोरी!"