सातवं पाणी

बबनरावांनी आयुष्यात कधी कशाला ठाम हो म्हटलं नव्हतं. रिसोडच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून त्यांची सारी नोकरी गेली, पण एखाद्या पोरानं "सर, हे पुस्तक चांगलं आहे का?" असं विचारलं, की ते चष्मा पुसत म्हणायचे, "चांगलं आहे, बहुतेक." लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का, या प्रश्नालाही त्यांनी "बहुतेक" असंच उत्तर दिलं होतं, आणि कस्तुराबाई ते अजून विसरल्या नव्हत्या. निवृत्तीनंतर रिठदच्या घरी येऊन, शेत पुतण्याच्या हवाली करून, पुस्तकांच्या कपाटांसमोर खुर्ची टाकून ते बसले होते. अशा माणसाच्या एका शब्दावर आपली नोकरी टांगून ठेवायची, असं त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं ठरवलं.

ज्योत्स्ना पुण्याला एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होती. तिथं तिला हरीओम भेटला. हा मूळचा कारंजाचा, वडलांचं बी-बियाण्याचं दुकान. पण पोरगा चीनला जाऊन चहा शिकून आला होता आणि पुण्यातल्या लोकांना रविवारी सकाळी चहा चाखायला शिकवत होता. जुना, मुरवलेला चिनी चहा पाजण्याचं एक ठिकाण त्याला काढायचं होतं. चहाचा साठा त्याच्याकडे होता. हवा होता तो पूर्ण वेळ देणारा भागीदार. ज्योत्स्नानं राजीनामा लिहून फोनमध्ये तयार ठेवला होता. फक्त पाठवायचा होता.

"बाबा, तुमी चव घ्या," ती फोनवर म्हणाली होती. "तुमी हो म्हणाल तर पाठवते. नाही म्हणाल तर नाही."

"मी? अगं, मला भाजीत मीठ कमी आहे की जास्त, तेही तुझी आई सांगते."

"पण तुमी खोटं नाही बोलत."

हे खरं होतं. खोटं ठरेल इतकं स्पष्ट ते कधी बोललेच नव्हते.

तो चहा दोन महिन्यांपूर्वीच कुरिअरनं आला होता. पातळ कागदात गुंडाळलेली, भाकरीएवढी, काळपट, दगडासारखी घट्ट चकती. कस्तुराबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"पोरीनं पुण्याहून गोवरी धाडली का?"

"चहा आहे तो. पुएर म्हणतात. तीस वर्षांचा जुना."

"तीस वर्साचा? मंग आतालोक कोनं काहून नाही पेला?"

बबनरावांनी तोवर त्याबद्दल काही वाचलं नव्हतं. मग त्यांनी वाचलं. पानं दाबून चकती करतात, ती वर्षानुवर्षं मुरू देतात, मग टोकदार सुरीनं थोडी फोडून मुठीएवढ्या किटलीत घालतात. उकळतं पाणी ओतायचं आणि लगेच गाळून घ्यायचं. पहिलं पाणी फेकायचं, ते पानं धुण्याचं. त्यानंतर त्याच पानांवर पुन्हा पाणी, पुन्हा पाणी, आणि प्रत्येक पाण्याची चव वेगळी. वाचून वाचून भीती वाटायला लागली, तेव्हा एका दुपारी त्यांनी कडेचा तुकडा मोडला आणि दार लोटून चहा केला.

तिसऱ्या पाण्याला त्यांना कॉलेजातलं एक कपाट आठवलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्यांदा उघडलं, की जुना कागद, दमट लाकूड आणि कुठंतरी खोल गोडसर असं काहीतरी एकदम नाकाशी यायचं. अगदी तेच. बबनरावांना क्षणभर फार आनंद झाला. पण जाणकारांनी लिहिलं होतं, की इतक्या जुन्या पुएरला कापराचा सुगंध येतो. त्यांनी पुन्हा घोट घेतला. कपाट होतं, कापूर नव्हता. दुसऱ्या दिवशी परत करून पाहिला, तरी नव्हता. यावरून चहाबद्दल शंका घेणं हा एक मार्ग होता. बबनरावांनी आपल्या जिभेबद्दल घेतली. चकती कागदात गुंडाळून शब्दकोशाशेजारी ठेवून दिली आणि मुलीला कळवलं, "चांगला आहे, बहुतेक."

"बहुतेक चालत नाही बाबा," ती म्हणाली. "मी हरीओमला घेऊन येते. त्याच्या हातचा प्या, मग सांगा."

दोघं रविवारी आले. वाशीम स्टेशनवर उतरून, तिथून गाडी करून. हरीओमच्या अंगात सुती झब्बा होता आणि मनगटात लाकडी मण्यांची माळ. बोलायचा अगदी पुण्यासारखं, शब्द धुऊन वाळत घातल्यासारखे. जेवणात पाटोडीची भाजी झाली, भाकरी झाली. हात धुऊन त्यानं सतरंजीवर आपलं सामान मांडलं: लाकडी ट्रे, मुठीएवढी तांबूस किटली, घोटभराचे कप.

बबनराव चकती आणायला कपाटाशी गेले. शब्दकोशाशेजारी ती नव्हती.

"थांबा, मी आनतो," म्हणत कस्तुराबाई आतल्या खोलीत गेल्या आणि चकती घेऊन आल्या. "मीच ठेवली होती, नीट."

हरीओमनं सुरीनं तुकडा काढला. किटलीत घातला, उकळतं पाणी ओतलं, आणि ते सगळं पाणी ट्रेमध्ये ओतून दिलं.

"अगं माय!" कस्तुराबाई उठल्याच. "इतका महागाचा चाय, अन् पयलाच फेकून देल्ला?"

"काकू, हे पानांना जागं करण्याचं पाणी. तीस वर्षं झोपलेली आहेत ना."

"झोपलेल्याच्या तोंडावर उकळतं पानी मारते का कोनी?" त्या म्हणाल्या. ज्योत्स्ना हसली, हरीओमही हसला, पण थोडं उशिरा.

दुसरं पाणी कपात आलं. हरीओमनं कप नाकाशी नेला, डोळे मिटले. बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाणं लागलं होतं.

"कापूर," तो हळूच म्हणाला. "ज्योत्स्ना, ऐकलंस? इतका स्वच्छ कापूर मी तिकडंही फार थोड्या वेळा घेतला. ही खरी तीस वर्षं बोलतायत."

बबनरावांनी घाबरत घोट घेतला. आणि खरंच, कापूर होता! स्पष्ट, घशापर्यंत थंडावा देणारा. अडुसष्टाव्या वर्षी आपल्या जिभेला अक्कल आली, या विचारानं त्यांचे कान गरम झाले. दोन महिने आपण मूर्खासारखं कपाट कपाट करत होतो.

"बाबा, लागला?"

"लागला," बबनराव म्हणाले, आणि पुढचा शब्द तोंडात होता तो त्यांनी गिळला.

ज्योत्स्नाचा हात फोनकडे गेला. "थांब," हरीओम म्हणाला, "चौथ्या-पाचव्यापर्यंत जाऊ दे. काकांना पूर्ण ओळख होऊ दे."

तिसरं पाणी झालं. तेवढ्यात कस्तुराबाई ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात कुंकू, नारळ, टोपी आणि घडी केलेला रेशमी शेला. पाहुणा पहिल्यांदा उंबऱ्यात आला, की त्याला टोपी-शेला दिल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा नेम. मग तो पाहुणा चहा शिकवणारा असो की वीजबिलाचा साहेब.

"काकू, याची खरंच गरज नाही."

"तुमाले नसंन. आमाले हाये. वाका जरा."

हरीओम वाकला. टोपी डोक्यावर बसली, शेला खांद्यावर आला. तशाच वेशात त्यानं चौथं पाणी ओतलं, कप उचलला आणि एकदम थांबला.

"बघा! चौथ्यात आणखी उघडला. पहिल्यापेक्षा दुप्पट! हे फक्त खऱ्या जुन्या चहातच होतं."

कप घेण्यासाठी बबनराव पुढं झुकले. कापूर भसकन नाकात गेला. कप घेऊन मागं सरकले. कापूर कमी झाला. त्यांना हे विचित्र वाटलं. ट्रेवर कप ठेवण्याच्या निमित्तानं पुन्हा झुकले. वाढला. मागं आले. कमी झाला. चहा तर त्यांच्या हातात होता, आणि कापूर हरीओमच्या खांद्यावर.

ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

"कस्तुरा, तो चहा तू कुठं ठेवला होतास?"

"पेटीत. शालू-शेल्याच्या पेटीत."

"का?"

"काहून म्हंजे? तुमच्या पुस्तकाले कसर लागली, ते दिसून नाही राह्यलं का तुमाले? तीस वर्साचा चाय म्हनता, अन् कसरीतच ठेवता. मी कापराच्या वड्या ठेवल्या खालून-वरून. भीमसेनी हाये, देवाचा. बिघडलं का काई?"

"नाही," बबनराव म्हणाले. "बिघडलं नाही काही." आणि तिथंच उभे राहिले.

बाहेर हरीओम बोलत होता, ज्योत्स्ना ऐकत होती. बबनराव मनाशी ताडून पाहू लागले. शिकून आलेला माणूस म्हणतोय कापूर चहाचा आहे. आपण कोण? कदाचित चहातही कापूर असेल आणि पेटीतलाही असेल. कदाचित दोन्ही मिळून झालं असेल. पण दोन महिन्यांपूर्वी नव्हता. तेव्हाच्या जिभेवर विश्वास ठेवायचा, तर या माणसाला पेटीतला कापूर आणि मुरलेला चहा यातला फरक कळत नाही. आणि पोरगी त्याच्या जिभेच्या भरवशावर नोकरी सोडायला निघालेली.

ते बाहेर आले. आधी आडून प्रयत्न केला.

"मी काय म्हणत होतो, हा कापूर... साठवणीमुळंही येत असेल का?"

"क्या बात है काका!" हरीओमनं मांडीवर थाप मारली. "नव्वद टक्के लोकांना हे कळत नाही. सगळा खेळ साठवणीचाच! कोरडी जागा, योग्य हवा, धीर. ज्योत्स्ना, तुझे बाबा जन्मजात पारखी आहेत."

आणि त्यानं पाचवं पाणी ओतलं. बबनरावांना आपण जिंकलो की हरलो तेच कळेना.

"मग बाबा," ज्योत्स्ना म्हणाली. फोन तिच्या हातात होता. "हो ना?"

"ज्योत्स्ना," बबनराव म्हणाले. आवाज फार बारीक निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा सुरू केलं. "हा कापूर आपल्या पेटीतला आहे. तुझ्या आईनं चहा शेल्यांमध्ये ठेवला होता. आधी मी प्यायलो, तेव्हा नव्हता."

हरीओम हसला.

"काका, मजाक करून राह्यले का तुमी?" धुतलेले शब्द एकदम कारंजाचे झाले होते.

कस्तुराबाईंनी आतून कापराची पुडी आणून ट्रेवर, किटलीच्या शेजारी ठेवली. "हे पाहा. एवढीच उरली."

हरीओमनं पुडी हुंगली. मग कप हुंगला. मग, नको नको म्हणत घेतलेल्या शेल्याचा पदर हुंगला. त्याचा चेहरा पडेल, तो रागावेल, चकती उचलून निघून जाईल, असं बबनरावांना वाटत होतं. आणि तसं झालं तर माफी कशी मागायची, याची वाक्यं ते मनात जुळवत होते. पण हरीओम विचारात पडला होता.

"काकू," तो म्हणाला, "किती दिवस होता पेटीत?"

"दीड मयना असंन."

"दीडच महिना?" त्यानं चकतीकडे नव्या आदरानं पाहिलं. "आणि एका पेटीत अशा किती मावतील? कापूर खालून-वरून, की नुसता वरून?"

"खालून-वरून. पन शेले पायजे मधात, नाही तं डाग पडते."

"शेले," हरीओम म्हणाला, आणि त्यानं फोन काढून काहीतरी टिपलं. "पुण्यात पाच-सहा पेट्या सहज ठेवता येतील. ज्योत्स्ना, हसू नको, मी नुसतं विचारतोय."

ज्योत्स्ना हसत नव्हती. ती त्याच्याकडे, त्याच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघत होती, जणू ती टोपी आत्ताच दिसली.

सहावं पाणी होता होता हरीओमनं घड्याळ पाहिलं. गाडीची वेळ झाली होती. त्यानं ट्रे आवरला. किटली मात्र तो काकांसाठी ठेवून गेला, कारण काकांनी त्याला शिकवलं होतं, असं तो म्हणाला. बबनरावांना त्यातलं काय घ्यावं ते समजलं नाही. जाताना तो वाकून दोघांच्या पाया पडला आणि त्यानं नारळ काखेत घेतला.

"चल ज्योत्स्ना."

"तू हो पुढं. मी उद्याच्या गाडीनं येते. मंगळवारी ऑफिस आहे."

"ऑफिस?" हरीओमनं विचारलं.

"ऑफिस," ती म्हणाली.

गाडी वळणापलीकडे गेली. ज्योत्स्ना परत येऊन सतरंजीवर बसली. किटलीतली पानं अजून ओली होती. तिनं उठून गॅसवर पाणी ठेवलं, उकळी आली तशी ओतलं, गाळलं, आणि कप बाबांपुढं केला.

"सातवं आहे. सांगा."

कापूर धुऊन गेला होता. पाणी तांबूस, नितळ होतं. बबनरावांनी घोट घेतला, जिभेवर थोडा वेळ ठेवला.

"कपाट," ते म्हणाले. "कॉलेजातलं. दिवाळीच्या सुट्टीनंतरचं." पुढचा शब्द ओठांवर आला होता. ज्योत्स्ना वाट पाहत होती. तो त्यांनी चहाबरोबर आत ढकलला.

तिनंही घोट घेतला. "हो," ती म्हणाली. "जुनं पुस्तक. चांगलं आहे हे. हा चहा खरंच चांगला आहे, बाबा."

हे मात्र बबनरावांच्या ध्यानात आलंच नव्हतं. चहा चांगला होता. म्हणजे हरीओमनं चहा खराच दिला होता, फक्त तो त्याला ओळखता आला नव्हता. मग आपण पोरीचं भलं केलं की नुकसान? ते चष्मा काढून पुसायला लागले.

"घ्या, माह्यासाठीबी ओता," कस्तुराबाई म्हणाल्या. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि तिघांचे कप पातेल्यात रिकामे करून दुधाचं भांडं काढायला गेल्या. "इतके जनं बसून सात खेप पानी गाळलं, अन् दूध घालाचं कोनाच्याच ध्यानात नाही आलं."