पंगतीतला खाणारा

माझा चुलतभाऊ माणिक याच्या लग्नात मी ब्याण्णव जिलब्या खाल्ल्या. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आमच्या झाडून सगळ्या नातलगांना हा आकडा पाठ आहे. मी विमा कंपनीत नक्की काय काम करतो, हे मात्र त्यातल्या चौघांनाही सांगता येणार नाही. आमच्यात प्रत्येक लग्नाला दोन्ही बाजूंचा एकेक 'खाणारा' लागतो. दोघांना समोरासमोर बसवायचं, वाढप्यांनी परात घेऊन तिथेच ठाण मांडायचं आणि बाकीच्यांनी आपलं जेवण सोडून ती मजा बघायची. आमच्या बाजूचा खाणारा मी. तब्बल पंधरा वर्षं.

साल बहात्तरचं. रेशनच्या साखरेसाठी माझी बायको कुंदा तासतासभर रांगेत उभी राहायची, आणि मी इथे ब्याण्णवावी जिलबी गिळत होतो. तिचा पाक माझ्या नाकातून बाहेर आला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी बाहीने नाक पुसून शेजारी पाहिलं, तर माझी नऊ वर्षांची मुलगी शुभा दोन्ही हातांनी जिलब्या कोंबत होती. पाक कोपरापर्यंत ओघळलेला, गाल फुगलेले, डोळे अर्धवट मिटलेले. कुंदाचा धाकटा भाऊ विद्याधर ओरडला, "अरे, एकवीस झाल्या पोरीच्या! भावोजींची गादी हीच चालवणार!" शुभा फुशारून माझ्याकडे बघून हसली. तिच्या दातांत पिवळा लगदा होता. मला त्या पोरीची नाही, माझी स्वतःची शिसारी आली. ही माझ्याकडे बघून शिकत होती.

मी घरी सांगून बघितलं, शाळेच्या डब्यात लक्ष घातलं, पण एकशे अठ्ठावीस किलोच्या बापाने "कमी खा" म्हटलेलं कोण ऐकणार? त्याच सुमारास ऑफिसच्या डॉक्टरने मला शहरातल्या एका सर्जनकडे धाडलं. ते नुकतेच परदेशातून आले होते. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं, वरचा तुकडा आणि खालचा तुकडा एकमेकांना जोडला आणि मधलं सगळं वेटोळं बाजूला टाकलं. अन्न अंगी लागायच्या आतच पुढे निघून जाणार. "सोपं नाही," ते म्हणाले. "आयुष्यभर जपावं लागेल. आणि ऑपरेशनपूर्वी आठ किलो उतरवून या, नाहीतर मी सुरीला हात लावणार नाही." मी हो म्हणालो. खाणारा संपला की शुभाची गादीही संपेल, एवढाच माझा हिशेब होता.

आठ किलो उतरवायला मला दोन महिने मिळाले होते. त्यात विद्याधरने घोळ घातला.

विद्याधरचं साकीनाक्याला लेथ मशिनांचं छोटं वर्कशॉप. माणूस मनाने चांगला, पण तोंडाला बांध नाही. बातमी कळल्यावर तो म्हणाला, "भावोजी, ऑपरेशन झाल्यावर खाणं बंदच ना? मग लग्नाआधी करतात तसं तुमचं केळवण नको करायला?" सगळे हसले. आणि मग सगळ्यांनी ते खरंच केलं. अकरा घरांतून आमंत्रणं आली. रांगोळी, पाटाभोवती महिरप, ओवाळणं, सगळं साग्रसंगीत. मुलुंडच्या मावशीने पुरणपोळ्यांवर तुपाची धार धरली ती सोडेचना. भांडुपच्या काकूंनी डोळ्याला पदर लावत श्रीखंड वाढलं. जणू मला फाशीच देणार होते. मी "नको" म्हणायचो. पण आमच्यात ताटावर बसलेल्या माणसाच्या 'नको'ला काडीची किंमत नाही. पहिलं 'नको' म्हणजे भीड, दुसरं म्हणजे लाज, तिसरं म्हणजे अजून थोडं वाढा. पानावर हात आडवा धरला तर वाढपी हातावर वाढतो.

आणि खोटं कशाला बोलू, माझे हात कुणी बांधले नव्हते. मळमळत असताना मी खात होतो. तुपाच्या वासाने घशाशी येत होतं, तरी घास उचलत होतो. प्रत्येक केळवणाला शुभा माझ्या उजव्या हाताला बसायची, मला वाढलं की तिलाही वाढायचे. दोन महिन्यांत तिचे दोन फ्रॉक पाठीवर उसवले.

ठरल्या दिवशी मी काट्यावर उभा राहिलो तर वजन पाच किलो वाढलेलं. सर्जनने चष्मा काढला. "काय करत होता तुम्ही?" मला 'केळवण' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारवेना. त्यांनी मला सरळ वॉर्डात डांबलं आणि पाच आठवडे मुगाचं पाणी आणि पातळ ताक यांवर ठेवलं. तेव्हा कुठे ऑपरेशन झालं.

पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. दिवसातून बारा-चौदा वेळा पळावं लागायचं. आमची मुलुंडची जागा दोन खोल्यांची, संडास गॅलरीच्या टोकाला, चार बिऱ्हाडांत दोन. सकाळी टमरेल घेऊन मी निघालो की शेजारचे लोक दारं लावून घ्यायचे. दोष त्यांचा नव्हता. त्या घाणीला मेलेल्या उंदरासारखा वास होता आणि पाणी ओतून ओतूनही तेलाचा तवंग जात नसे. थोडं तूप पोटात गेलं, एखादा गोड पदार्थ गेला, की पाऊण तासात पोटात कळा आणि सगळं न पचताच बाहेर. ऑफिसात माझं टेबल दाराशी हलवलं. कपड्यांना वास, अंथरुणाला वास. कुंदाने कधी नाक मुरडलं नाही, पण माझे कपडे ती वेगळ्या बादलीत, डोळे मिटून भिजवायची. मी ते पाहायचो आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हळूहळू शिकलो. एक पोळी, वाटीभर वरण, उकडलेली भाजी. घास बत्तीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. वर्ष-सव्वा वर्षात पंचेचाळीस किलो उतरले. दंडाची कातडी ओल्या टॉवेलसारखी लोंबायला लागली. नातलग भेटले की हळहळायचे, "अरेरे, काय होता नंदकुमार आणि काय झाला!" लग्नाच्या पत्रिका येत होत्या, पण 'नक्की या हं' म्हणणारं आता कुणी नव्हतं. त्याचं मला दुःख नव्हतं. मला वाटलं, सुटलो. शुभाही सुटली.

मग चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात विद्याधरचंच लग्न निघालं. हॉल अंधेरीला. मुलीकडच्यांनी आपला खाणारा आणला होता, बोरिवलीचे एक काका. आडव्या हाडाचे, बनियनवर उपरणं घेऊन बसलेले. पंगत बसली आणि पाहतो तर विद्याधरने त्यांच्या समोरच्या पाटावर माझ्या शुभाला बसवलेलं.

"विद्याधर, हे काय?" मी म्हणालो.

"भावोजी, आमचा खाणारा तुम्ही कापून टाकलात! आता अब्रू कोण राखणार? ही राखेल. झकास खाते ती!"

"तिला उठव."

"आजच्या दिवशी तरी असं करू नका ना यार!" तो हात जोडून हसत म्हणाला आणि त्याने वाढप्यांना खूण केली.

शुभा आता अकरा वर्षांची होती आणि साठ किलोंची. शाळेत तिला काय म्हणतात ते मला माहीत होतं. इथे मात्र सगळा हॉल तिच्या नावाने ओरडत होता. तिला उठायचंच नव्हतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. दहा जिलब्या झाल्या. पंधरा झाल्या. मी "पुरे" म्हणालो, तर वाढपी म्हणाला, "बापाची नजर लागेल हो पोरीला!" आणि सगळे हसले. मी तिच्या पानावर हात आडवा धरला. त्याने माझ्या हातावर दोन गरम जिलब्या ठेवल्या, शुभाने त्या माझ्याच हातावरून उचलल्या आणि तोंडात घातल्या. तिची हनुवटी चिकट झाली होती, श्वास फासफूस चालला होता, डोळे अर्धवट मिटले होते. हे तोंड मी ओळखत होतो. मध्येच तिला उमासा आला, तिने तो गिळला आणि पुढची जिलबी उचलली. मला किळस आली. हे लोक तिला माझ्या डोळ्यांदेखत माझ्यासारखी करत होते आणि माझं 'नको' इथे कुणाला ऐकूच येत नव्हतं.

मग मी परातीतून एक जिलबी उचलली आणि उभा राहिलो.

"मीही खातो," मी मोठ्याने म्हणालो. टाळ्या पडल्या. मी जिलबी तोंडात टाकली, चावली, गिळली. "आता ऐका, ह्या जिलबीचं पाऊण तासाने काय होणार ते."

आणि मी सांगितलं. काही गाळलं नाही. रंग सांगितला, वास सांगितला, वर तरंगणारा तेलाचा तवंग सांगितला, चड्डीत होतं तेव्हा काय होतं ते सांगितलं, कुंदाची ती वेगळी बादली सांगितली. भरल्या पंगतीत, लोकांच्या तोंडात घास असताना. विद्याधर ओरडला, "भावोजी, अहो, लोक जेवतायत!" मी थांबलो नाही. बायकांनी नाकाला पदर लावले. एक म्हातारे गृहस्थ भरल्या पानावरून उठून गेले, मग त्यांच्यामागून आणखी काही. बोरिवलीच्या काकांनी पान पुढे सारलं. मुलीची आई रडायला लागली. ह्या लग्नातली पंगत मी नासवली, हे मला कळत होतं.

शुभाच्या हातात अर्धी जिलबी होती. ती तिने पानात टाकली आणि तिथेच भडाभडा ओकली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला वाकलो, तर ती अंग चोरून बाजूला सरकली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. गटारातून काही बाहेर यावं आणि त्याच्याकडे माणसाने पाहावं, तसं.

विद्याधर आता आमच्याकडे येत नाही. कुंदा महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती, पण 'तुम्ही वाईट वागलात' असंही तिने म्हटलं नाही. शुभाने त्यानंतर जिलबीला हात लावलेला नाही. तिचं वजन उतरतंय, फ्रॉक सैल होतायत, शाळेत खो-खोला घेतात आता. पण ती माझ्या शेजारी जेवायला बसत नाही. ताट उचलून स्वयंपाकघरात जाते आणि दाराला पाठ करून बसते.

परवा मी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "शुभा, पोट भरलं का गं बाळा?"

 ती आतून म्हणाली, "बाबा, मी जेवत असताना तुम्ही बोलू नका ना."