सहावा रकाना

माणसाला एका शहरातून दुसऱ्या शहरात क्षणात पोचवणारं यंत्र निघालं, तेव्हा लोकांना वाटलं, आता माणूस सुधारणार. मी त्या यंत्राच्या खिडकीवर अकरा वर्षं बसतोय. माणूस आहे तसाच आहे, फक्त लवकर पोचतो.

यंत्र म्हणजे एक लोखंडी कपाट. आत उभं राहायचं, दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्या शहरातल्या कपाटातून बाहेर पडायचं. अट एकच. यंत्र माणसाला तो जन्माला आला तेवढाच ओळखतं. बाकीचं सगळं, चपलेपासून चष्म्यापर्यंत, प्रवाशाने स्वतःच्या अक्षरात यादीत लिहायचं. लिहिलं नाही ते मागे राहतं. असं का, हे इंजिनियर लोकांना विचारलं तर ते अर्धा तास बोलतात आणि शेवटी त्यांनाही माहीत नाही एवढंच आपल्याला कळतं.

इतकी सोपी अट, पण लोकांना लाज आडवी येते. कवळी कोणी लिहीत नाही. केसांचा टोप तर मेले तरी लिहिणार नाहीत. एक नामांकित वक्ते कवळी न लिहिता गेले आणि तिकडे तासभर बोलले. श्रोत्यांना फरक कळला नाही म्हणतात. आणि एक गृहस्थ, ‘जन्मात कधी आजारी पडलो नाही’ असं मला ऐकवून कपाटात शिरले. त्यांच्या मांडीतली स्टीलची पट्टी इथेच राहिली. ते तिकडे दारातच कोसळले, ते अजून उठलेले नाहीत. त्यानंतर कचेरीने यादीत सहावा रकाना घातला: जन्मानंतर शरीरात बसवलेलं काय, आणि कोणाकडून मिळालं.

परवा सकाळी माझा दादा आला.

बाजूच्या दोन खिडक्या रिकाम्या होत्या. त्या सोडून तो माझ्याच खिडकीशी आला, तेव्हाच मी ओळखलं की स्वारीचं काहीतरी घोडं अडलंय. बरोबर त्याचे होणारे व्याही होते. त्यांच्या नव्या कारखान्याचं उद्घाटन अकरा वाजता दादाच्या हस्ते व्हायचं होतं. या व्याह्यांना मी कधी भेटलो नव्हतो. दादाच्या मुलीचं लग्न ठरवायच्या बैठकीला ‘अगदी मोजकीच माणसं’ होती आणि त्या मोजणीत मी बसलो नव्हतो.

दादाने यादी सरकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “अहो, जरा लवकर करता का?”

अहो. ज्याने मला सायकल शिकवताना गटारात पाडलं, तो मला अहो म्हणत होता.

मी यादी वाचली. सूट, टाय, घड्याळ, रुमाल, भाषणाचे कागद, सगळं टपोऱ्या अक्षरात. सहावा रकाना कोरा.

आता त्या रकान्यात काय हवं होतं, ते त्याला, मला आणि डॉक्टरांना माहीत होतं. आई होती, तिलाही माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि माझी एक त्याला बसवली. आईने माझा हात धरून विचारलं होतं, मला नाही म्हणवलं नाही. शुद्धीवर आल्यावर दादा रडला, हे विसरणार नाही म्हणाला. पुढे महिनाभरात त्या ऑपरेशनचं ‘किरकोळ ऑपरेशन’ झालं, आणि वर्षभरात ते झालंच नव्हतं. दादा सगळीकडे सांगतो की त्याने आयुष्यात कोणाकडून काही घेतलेलं नाही. लोक टाळ्या वाजवतात.

मी बोट ठेवून दाखवलं. त्याने मान हलवली. मी परत दाखवलं. मागून व्याह्यांनी काही अडचण आहे का विचारलं, तर दादा हसून म्हणाला की सरकारी माणसाला कागद पुढे सरकवायचा म्हणजे जिवावर येतं. मग खिडकीत वाकून मला हळूच म्हणाला, “सहा वर्षं माझ्या रक्तावर पोसलंय. आता ते माझंच आहे. सही कर.”

“यंत्राला ते पटणार नाही, दादा. तू जाशील आणि ते इथे राहील.”

“तूच लिही मग.”

“माझं अक्षर चालत नाही.”

खोटं कशाला बोलू, सही करून टाकावी असं क्षणभर वाटलं. जा म्हणावं, कर उद्घाटन. आणि ती कल्पना मला आवडलीसुद्धा, म्हणून मला स्वतःची किळस आली. मी पेन खाली ठेवलं आणि त्याला सांगितलं की आज लिहिल्याशिवाय तू या कपाटात पाय ठेवणार नाहीस, हवं तर माझी तक्रार कर. बस मिळेल, पण संध्याकाळ होईल.

त्याने घड्याळ बघितलं. मग डाव्या तळव्याचा आडोसा करून त्याने लिहिलं, शाळेत उत्तरं झाकून लिहायचा तसंच. यादी परत आली. ‘किडनी, एक.’ पुढे, कोणाकडून मिळालं: ‘अनोळखी व्यक्तीकडून.’

यंत्राला वस्तू कळली की पुरे. कोणाकडून, हा प्रश्न कचेरीचा आहे, आणि त्याचं उत्तर खरं की खोटं हे सही करणाऱ्याने ठरवायचं. मी काट मारून परत दिली असती तर व्याह्यांसमोर तमाशा झाला असता, पुतणीचं लग्नही कदाचित अडकलं असतं. मला राग यायला हवा होता, तो माझा रोजचा आहे. पण मला नुसतं वाईट वाटलं, फार वाईट. मी सही केली. दादा टाय नीट करत कपाटात गेला. दोन मिनिटांत तिकडून निरोप आला की प्रवासी सुखरूप.

मग व्याही पुढे आले. माणूस साधा होता. कवळी त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिली होती. माझा खोळंबा झाला म्हणून त्यांनी दादाच्या वतीने माफी मागितली.

“साहेब जरा तापट आहेत, मनावर घेऊ नका,” ते म्हणाले. “पाठीशी भाऊबिऊ कोणी नाही. सगळं एकट्याने उभं केलंय, त्यामुळे स्वभाव तसा झालाय.”

“असेल,” मी म्हणालो आणि त्यांच्या यादीवर सही केली.