भुंडूच्या पाठीवरचा हात

मी भुंडू. वितीएवढा, गोल, अंगभर पिवळट केस; शेपटी नाही म्हणून हे नाव. मी राहतो तो प्रदेश कुठल्याही नकाशात नाही, एका खेळात आहे. लोक घरी पडद्यासमोर बसतात आणि हातातल्या कंट्रोलरने आपापला वीर आमच्याकडे पाठवतात. आमच्या इथे आग ओकणारे सर्प आहेत, दगडी राक्षस आहेत, चिलखतवाले वीर तर पैशाला पासरी. या सगळ्यांत मी ओढ्याकाठी, माझ्या बिळाच्या तोंडाशी बसलेला असतो. मला चावता येत नाही, ओरबाडता येत नाही. मला मारून कुणाला तलवार मिळत नाही की नाव.

मला घडवलं खेळ बनवणाऱ्या कचेरीतल्या एका चित्रकार बाईनं. दिवसभर राक्षसांचे दात रंगवायचे आणि जेवणाच्या सुट्टीत माझे केस, असा तिचा क्रम. एकदा तिचे साहेब मागे येऊन उभे राहिले.

"हा करतो काय?"

"विशेष काही नाही. पाठीवरून हलका हात फिरवला तर डोळे मिटतो. हिसका बसला तर पळतो."

"आणि खेळणाऱ्याला काय मिळतं?"

"डोळे मिटलेला हा."

साहेब हसले. "राहू दे कुठेतरी कोपऱ्यात," म्हणाले. अशी माझी वर्णी लागली.

कोपऱ्यातलं आयुष्य काही वाईट नव्हतं. वीर घाईत असायचे. कुणी जाता जाता तुडवायचं, कुणी तलवारीची धार माझ्यावर बघायचं. मेलो की थोड्या वेळानं बिळातून पुन्हा बाहेर यायचं, हे माझ्या घडणीतच होतं. माणसांना राक्षसापर्यंत पोचायची एवढी घाई का असते, ते मात्र मला कधी कळलं नाही. राक्षस काही कुठे पळून जात नव्हता.

रोज दुपारी एक धनुर्धारी यायची. तिला खेळवणारी बाई शाळेची बस चालवायची; सकाळची फेरी संपली की संध्याकाळच्या फेरीपर्यंत ती मोकळी असे. तिचा माइक चालू असायचा, त्यामुळे तिच्या घरातलं बोलणं मला ऐकू येई.

एका दुपारी ही धनुर्धारी भलतीच चालायला लागली. झाडाला धडकली, ओढ्यात पडली, वर येऊन पुन्हा त्याच झाडाला धडकली.

"दादा, अंगठा हळू फिरव."

"अंगठा माझं ऐकत असता तर मी इथे कशाला बसलो असतो, छोटे?"

दादा तिचे थोरले भाऊ. त्यांचं केस कापायचं दुकान होतं. उजव्या अंगावरून वारं गेलं आणि हात लुळा पडला. हळूहळू हलायला लागला खरा, पण थरथर जाईना. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी फेकून दिला. "चेंडू दाबून कुणाचे केस कापले जातात?" हे त्यांचं म्हणणं. म्हणून त्या दुपारी बहिणीनं आपला कंट्रोलर त्यांच्या हातात दिला होता.

धनुर्धारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. हिसका बसला. मी पळालो.

"बघ, यालासुद्धा कळलं," दादा म्हणाले आणि कंट्रोलर आदळल्याचा आवाज आला.

पळणं माझ्या हातात नव्हतं. पण पळाल्यावर बिळात किती वेळ बसायचं, हे चित्रकार बाईनं ठरवलेलं नव्हतं. ते मी ठरवलं. लगेच बाहेर आलो आणि पाठ पुढे केली.

"आला परत. निर्लज्ज आहे."

"तुझ्यासारखाच चिवट आहे," बहीण म्हणाली.

मग हे रोजचंच झालं. ते हात फिरवायचे, मी पळायचो, मी यायचो. वहिनींना हे पसंत नव्हतं. "अहो, त्या बाहुल्यात जीव कशाला रमवता? दुकान दुसऱ्याला चालवायला देऊ, तुम्ही आराम करा."

"थोडी थांब," दादा म्हणायचे. त्यांच्याशी एवढंच.

माझ्याशी मात्र भरपूर बोलायचे. "मान खाली घ्या साहेब. हलू नका." असंच चाललं असताना एकदा वीरांची टोळी आली. पुढच्यानं कुऱ्हाड उचलली.

"बाळा, जरा थांब," दादा म्हणाले. "हे माझं गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक?"

"मी केस कापतो. हात गेलाय. याच्यावर सराव करतोय."

कुऱ्हाड खांद्यावर गेली. मग कुऱ्हाडवाल्यानं विचारलं, "किती वेळ लागेल, काका?"

"याचे डोळे मिटेपर्यंत."

सगळे गवतात बसले. इतके जण बघताहेत म्हटल्यावर दादांचा हात आणखीच थरथरला आणि मी पळालो. "होतं असं, काका," कुऱ्हाडवाला म्हणाला. "आम्ही वाट सोडतो. तुमचं चालू द्या."

जमलं ते कुणी बघत नसताना. बहीण बसच्या फेरीला गेली होती. हात मानेपासून निघाला, पाठीवरून सावकाश आला आणि शेवटपर्यंत पोचला. माझे डोळे मिटले. पहिल्यांदाच मिटत होते, म्हणून अंधाराची थोडी भीती वाटली. पण मी हललो नाही.

या वेळी कंट्रोलर हळूच खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दादांनी हाक मारली, "अगं, माझी कात्री कुठे ठेवलीस?"

खण उघडल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा.

"माझ्यापासूनच सुरुवात करा," वहिनी म्हणाल्या.

"वाकडे झाले तर?"

"वाढतील."

कात्री एकदा वाजली. मग शांतता. मग पुन्हा वाजली, आणि थांबत थांबत वाजत राहिली.

संध्याकाळी बहीण घरी आली. "वहिनी, मागून जरा तिरके आहेत."

"माहीत आहे. राहू देत तसेच."

आता दुपारी दादा दुकानात असतात. मला त्यांची आठवण येत नाही, असं खोटं सांगणार नाही. पण कुऱ्हाडवाल्यानं कुठे काय सांगितलं कोण जाणे, हल्ली ओढ्याकाठी वेगळीच माणसं येतात. आज एक आजी आल्या आहेत. त्यांचा हात फार उडतो. मी आत्ताच बिळात पळालो आणि त्या म्हणाल्या, "हे काही मला जमायचं नाही."

तुम्ही त्यांच्या शेजारी बसला असाल, तर तेवढा कंट्रोलर त्यांना खाली ठेवू देऊ नका. मी निघालोच आहे.